सागाची जाळी, येनाचा कोसा

सागाच्या पानांची जाळी झाली की माझं डोकं फिरतं. दरवर्षी फिरतं. आश्विन लागतो, धानाच्या लोंब्या खाली वाकतात, बांधावरून चाललं तरी भरत्या दाण्याचा दुधाळ वास येतो, आणि आरमोरीहून गडचिरोलीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा साग एकाएकी तांबूस, झिरझिरीत दिसायला लागतो. हिरवं सगळं खाऊन झालेलं, शिरा तेवढ्या उरलेल्या. पान उचलून डोळ्यासमोर धरलं तर पलीकडचा माणूस दिसतो. बाहेरून आलेले पाहुणे म्हणतात, अरे वा, काय सुंदर! घ्या म्हणावं, फ्रेम करून लावा घरात. बायको म्हणते, या दिवसांत तुमच्या तोंडी कोणी लागू नये. बरोबरच म्हणते.

हे दुखणं एका हंगामाचं आहे. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो आणि अब्बांच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढत बसलो होतो. तेवढ्यात एका साहेबांच्या हाताखाली हंगामी काम मिळालं. काम काय, तर जंगलकाठच्या एका गावात राहायचं, सागाच्या रोपवनात हिंडायचं, पानं खाणाऱ्या अळ्या गोळा करायच्या आणि त्या अळ्यांना कोण कोण खातं ते बघायचं. कागदोपत्री त्याला ‘नैसर्गिक शत्रू’ असं भारदस्त नाव होतं. अम्मीनं कपाळावर हात मारला. "इतना पढके अब कीड़े चुनेगा?" पण जुन्या ओढणीचे चौकोनी तुकडे तिनंच कापून दिले, माझ्या डब्यांच्या तोंडाला बांधायला.

साहेब बाहेरगावचे, हडकुळे, दम्याचे. गोड माणूस. म्हणायचे, "अळीला मारणारे आपण कोण, सलीम? तिला मारणारे आधीच कामावर हजर आहेत. आपण त्यांची हजेरी घ्यायची." मला ते फार आवडायचं. मिठाईच्या रिकाम्या डब्यांत मी अळ्या ठेवायचो, रोज ताजं पान द्यायचो. काहींचे पतंग व्हायचे. काही मात्र एका सकाळी मलूल पडायच्या, आणि त्यांच्या अंगातून तांदळाच्या कणीएवढं काहीतरी बाहेर येऊन शेजारी पांढरा कोश विणायचं. त्यातून निघायची बारीक गांधीलमाशी. अळी जिवंत असतानाच ती आतून तिला खात वाढलेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जेवण गेलं नाही. मग सवय झाली. पुढेपुढे तर डब्यात गांधीलमाशी दिसली की मी खूश व्हायचो.

राहायला खोली मिळाली ती सुभद्राबाईकडे. ती आणि तिचा नवरा दौलतभाऊ, दोघंच घरात; लेकी नांदायला गेलेल्या. ढिवराचं घर. जाळं, डोंगा, नदी हे त्यांचं नेहमीचं. पण आमच्याकडच्या कितीतरी ढिवरांच्या घरी आणखी एक काम चालत आलेलं असतं, कोशाचं. ऐनाच्या झाडावर, तिकडे त्याला येन म्हणतात, रेशमाच्या अळ्या सोडायच्या, बोटाएवढ्या होईपर्यंत त्यांना राखायचं, आणि त्यांनी फांदीला लटकून कोसा विणला की तो उतरवायचा. पोळा झाला की सुभद्राबाईचा मुक्काम झाडांखाली हलायचा. मधून बैलगाडीची वाट गेलेली. वाटेच्या अलीकडे सागाचं रोपवन, पलीकडे तिचा येन. अलीकडे अळी म्हणजे रोग, पलीकडे अळी म्हणजे लेकरू.

तिच्या हातात एक लांब बांबू असायचा, टोकाला वडाचा चीक लावलेला. पानावर गांधीलमाशी बसली, की बाई श्वास रोखून बांबू वर न्यायची आणि टोक अलगद टेकवायची. माशी चिकटली की खाली घेऊन टाचेखाली. एकदा मी ओरडलोच, "सुभद्राबाई, अवो थांबा! ती कामाची आहे!"

"कोनाच्या कामाची?"

"सागाची अळी खाते ती."

"अन् माह्या कोशाची अळी काय थे सोडून राह्यली?" तिनं बांबूचं टोक माझ्या नाकासमोर आणलं. माशी अजून पाय झाडत होती. "तुले पाह्यजे तं घेऊन जाय. घाल डब्यात. तुह्या तिकडच्या बाजूनं ठेव, इकडे नोको येऊ देऊ."

दौलतभाऊ झाडाला टेकून हसत होता. "वाटेवर पाटी लाव ना, सलीमबाबू. माश्यायनं इकडे येऊ नये म्हनून."

आम्ही तिघंही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

त्या घरातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. घरात जिता कोसा असेल तोवर आतल्या चुलीवर मासळी चढत नसे. झाडावर अळी असो की आढ्याला बियाण्याच्या कोशांची माळ टांगलेली असो, जीव घरचा तो घरचाच. आणि बियाणं तर बारा महिने घरात असायचंच, या नाही तर त्या रूपात. म्हणजे मासे मारणाऱ्या माणसांच्या घरची ही चूल, आणि तिला मासळी ठाऊक नाही! मासळी शिजायची ती अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगडांवर, पावसात वर पळसाची पानं धरून. "माहं लगन झालं तवापासून या चुलीवर नाई चढली," सुभद्राबाई सांगायची. "सासूच्या लग्नापासूनबी नाई." हे ती मोठ्या तोऱ्यात सांगायची.

ते बियाणं घरचं होतं. सासूच्या हातून आलेलं, तिला तिच्या सासूकडून. दरवर्षी चांगले जड कोसे बाजूला काढायचे, माळ करायची, मिरगात त्यातून पाखरं निघायची, नर-मादीची जोडी लागायची, मादी अंडी घालायची, आणि पुन्हा अळी झाडावर. मी एकदा शहाणपणानं म्हटलं होतं, "सरकारी अंडी मिळतात की. एखाद्या वर्षी गेलं तरी काय बिघडतं?" बाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाण्याचा तांब्या उचलून बाहेर गेलो. मागून तिचा आवाज आला, "थोबी कोसाच हाये, बाबू. पन तो आमचा नाई."

त्या वर्षी सागावर अळी फार पडली. एवढी, की रोपवनात उभं राहिलं तर डोक्यावर विष्ठेचे बारीक दाणे पडायचे. मोठ्ठं रोपवन, पैसा गुंतलेला. वरच्या लोकांचा धीर सुटला. पंपानं विषारी भुकटी मारायची असं ठरू लागलं. साहेब पत्रांवर पत्रं लिहीत होते, थोडं थांबा, अळी आपोआप कमी होईल. पण कमी होत नव्हती. साहेब एक दिवस दम लागलेल्या आवाजात म्हणाले, "शिवून घरं करणाऱ्या लाल मुंग्या असत्या ना इथं, आठ दिवसांत झाडं स्वच्छ केली असती. या रोपवनात त्याच नाहीत."

संध्याकाळी जेवताना मी हे सगळं घरी सांगितलं. रोजचं रोज सांगायचोच. भुकटीचं ऐकून सुभद्राबाईचा घास हातातच राहिला.

"वारा कोनतीकडचा राह्यते आता?" तिनं दौलतभाऊला विचारलं.

"रोपवनाकडून आपल्याकडे," तो म्हणाला.

वाटेएवढ्या रुंदीनं भुकटी थांबत नाही हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी रोपवनात शिरलो तर सागाच्या फांद्यांवर पानांचे हिरवे गोळे बांधलेले. इथं एक, तिथं एक. आंब्याची पानं, शिवलेली, आणि त्यातून लाल मुंग्यांच्या रांगा बाहेर पडत होत्या. सागाच्या खोडाशी दौलतभाऊची मासळीची टोपली पडली होती आणि तो मान, हात, पाठ खाजवत बसला होता. सुभद्राबाईच्या ओठाला मुंगी चावून तो सुजला होता. पहाटेच्या गारठ्यात मुंग्या सुस्त असतात, तेवढ्यात त्या दोघांनी गावातल्या आंब्यांवरची घरटी उतरवून इथं आणली होती.

मी म्हटलं, "बाई, लाल मुंगी तुमच्या कोशाला सोडेल का?"

"वाटेवर राखेची रेघ मारून राह्यली मी. आमच्या सासूची रेघ हाये. कोनतीबी मुंगी आजपावतर नाई वलांडली."

खरंच, येनाच्या सगळ्या बाजूंनी तिनं चुलीच्या राखेची जाड रेघ ओढली होती. दरवर्षी ओढायची. खालच्या काळ्या मुंग्या त्या रेघेशी येऊन माघारी फिरताना मी पाहिल्या होत्या. म्हणून मीही मान हलवली. इकडे आड तिकडे विहीर, त्यातली कमी खोल कोणती ते तिनं तिच्या हिशेबानं ठरवलं होतं, आणि तो हिशेब मलाही पटला होता. आता वाटतं, त्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. काय दुसरं होतं तिच्या हातात? भुकटीला रेघ नसते.

आणि मुंग्यांनी काम केलं की! काय काम केलं. पानावर अळीनं विणलेल्या जाळ्याआडून तिला ओढून काढायची, चौघींनी मिळून ताणायची आणि घराकडे न्यायची. साहेबांचा दमसुद्धा कमी झाल्यासारखा वाटला. झाडाझाडाखाली उभे राहून ते वर बघायचे आणि लहान पोरासारखे हसायचे. त्यांनी पुन्हा पत्र लिहिलं. भुकटीचं पुढं ढकललं गेलं.

मग हस्ताचा पाऊस आला. आला तो दोन रात्री आणि मधला दिवस. कौलांवरून नुसती धार. दौलतभाऊ पोत्याची खोळ करून दोनदा जाऊन आला, राख वाहून गेली असणार म्हणून घरची कोरडी राख पाटीत भरून घेऊन गेला. पाऊस उघडला त्या सकाळी मी सुभद्राबाईबरोबर निघालो. वाटेवर दौलतभाऊनं ओढलेली नवी रेघ होती. ओली, काळपट, पण अखंड. एकही मुंगी तिच्यावर नव्हती. बाईनं रेघ पाहिली आणि तिचा चेहरा सैल झाला.

मी वर पाहिलं. पावसानं जड झालेल्या सागाच्या फांद्या वाटेवर वाकल्या होत्या आणि समोरून येनाच्या फांद्या. वाटेच्या बरोबर मध्यावर पानाला पान टेकलं होतं. त्यावरून लाल मुंग्यांची रांग चालली होती, जाणारी आणि येणारी. येणारीच्या तोंडात हिरवं काहीतरी होतं.

सासूची रेघ जमिनीवरच्या मुंगीसाठी होती. जमिनीला पाय न लावता जाणारी मुंगी तिच्या येनात कधी कोणी आणलीच नव्हती.

कोशाची अळी मोठी झाली की देखणी दिसते. हिरवीगार, कडेला चांदीचे ठिपके, आणि खाताना झाडभर एक बारीक कुरकुर ऐकू येते. त्या सकाळी कुरकुर नव्हती. सुभद्राबाई एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली गेली, तिथून तिसऱ्या. चिकाचा बांबू तिनं वर नेला आणि तसाच खाली घेतला. एक माशी असती तर टिपली असती. इथं झाडच्या झाड लाल हलत होतं. तिनं बांबू टाकला आणि चक्क फांदीला हात घातला. मुंग्या कोपरापर्यंत चढल्या तरी ती अळ्या सोडवत होती, पदरात घेत होती. दौलतभाऊ कोयत्यानं वाटेवरच्या फांद्या तोडत सुटला. मी मुंग्यांची घरटी ओढून काढत होतो, जी आठवडाभर मी कौतुकानं बघितली होती. मला रडू येत होतं आणि मुंग्या चावत होत्या म्हणून ते खपून गेलं.

अगदी टोकाच्या दोन झाडांपर्यंत त्या पोचल्या नव्हत्या. तेवढ्यांवर वाचलं ते वाचलं.

सागाला भुकटी मारली नाही. अळी ओसरली होती. मुंग्यांनी ओसरली, गांधीलमाश्यांनी की त्या पावसानं झोडपून काढली, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. साहेबांना मी येनाचं सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले. नंतर मला म्हणाले, "आपण शत्रू म्हणतो खरं, पण कुणाचा ते लिहायला कागदावर जागाच नाही." हंगाम संपल्यावर त्यांची बदली झाली.

आज माझं आरमोरीला शेतीच्या औषधांचं दुकान आहे. धानावर खोडकिडा आला की माणसं सकाळपासून उभी असतात. "सलीमभाऊ, जालीम पाह्यजे, एका फवाऱ्यात साफ." मी देतो. पोट आहे. आश्विनात मात्र कोणी ‘साफ’ म्हणालं की मी विचारतो, शेजारी कोणाचं काय आहे? वारा कुठला आहे? माणसं हसतात. "भाऊ, तुमाले औषध इकाचं हाये का नाई?" गेल्या आठवड्यात मी एकाला चांगला झापला आणि तो समोरच्या दुकानात गेला.

तर त्या वर्षी दिवाळीनंतर आढ्याला माळ टांगली गेली, एरवीच्या मानानं अगदी आखूड. एरवी ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची. आमचं काम लांबलं होतं, म्हणून मी पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथंच होतो. सुभद्राबाई रोज माळेखाली उभी राहून एकेक कोसा कानाशी हलवून बघायची. आत जड लागलं की ठीक. एका दुपारी तिनं एक कोसा माझ्यापुढे धरला. त्याला बाजूनं भोक होतं, गोल, कोरून काढल्यासारखं. पाखरू निघतं तेव्हा कोशाचं तोंड भिजून मऊ होतं, तसं हे नव्हतं. पिवळी-काळी गांधीलमाशी कोसा विणला जात असतानाच आत अंडं घालून जाते. मला ठाऊक होतं, आणि तिला तर माझ्या आधीपासून ठाऊक होतं.

"तुहा दोस्त निंगाला," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. मला टोमणा चालला असता.

मग आणखी एक भोक, आणखी एक. तरी माळ होती. आतल्या चुलीवर भात, वरण, आंबाडीची भाजी. मासळी बाहेर, तीन दगडांवर. अम्मीनं आरमोरीहून निरोप धाडला होता, त्यांच्याकडे गोश्त-बिश्त मागू नको, मछली दिली तर खा. मी खायचो, अंगणात, दौलतभाऊच्या शेजारी बसून. बाई आमच्यात येऊन बसायची पण त्या वर्षी तिनं बाहेरचीही मासळी सोडली होती. कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "असूं दे. माहं मन नाई होत."

मिरग लागला. पहिलं पाखरू निघालं तो नर. दुसराही नर. दोघं भिंतीवर फडफडून, मादीची वाट पाहून मेले. काही कोसे तसेच वाळून गेले. शेवटी एकच उरला होता, आणि त्यातून मादी निघाली. तळहाताएवढी, पिवळसर, पंखांवर चार गोल डोळे. जोडीला नर नव्हता.

सुभद्राबाई तरी हरली नाही. जुनी माणसं करायची तसं तिनं मादीच्या पंखाच्या मुळाशी मऊ सूत बांधलं आणि अंगणातल्या शेवग्याच्या फांदीला तिला बसवलं. जंगलात येन आहे, येनावर रानातला कोसा आहे. मादी बांधून ठेवली की तिचा वास कोसभर जातो, आणि रानातला नर येतो. "तोबी आपल्याच जातीचा हाये," दौलतभाऊ म्हणाला. "आला पाह्यजे फक्त." त्या संध्याकाळी घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. बाईनं दिवासुद्धा अंगणाच्या बाजूनं ठेवला नाही.

त्याच वेळी अब्बांना ताप भरल्याचा निरोप आला आणि मला आरमोरीला जावं लागलं. दोन दिवस मी त्यांच्या उशाशी बसलो होतो आणि डोक्यात शेवग्याची ती फांदी होती. हसू नका, पण नमाजनंतर हात वर केले तेव्हा अब्बांच्या तापाबरोबर मी त्या नराचंही मागून घेतलं. खुदाला काय, दोन्ही जीवच.

तिसऱ्या दिवशी परतलो. गल्लीच्या तोंडाशीच वास आला. कढत तेलात पडलेली मासळी, हळद, लसूण. मी मनाशी म्हटलं, दौलतभाऊनं दगड मांडले वाटतं. अंगणात आलो. तीन दगड गार होते, पावसानं धुतलेले. शेवग्याच्या फांदीला सुताचा तुकडा लोंबत होता. ओसरीवर सुपात चार पंख ठेवले होते, डोळ्यांचे, सरळ मांडून.

"वाघळानं नेली," दौलतभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला. तो जाळं विणत होता. "पयल्याच रातीले."

आतून सुभद्राबाईचा आवाज आला. "सलीमबाबू आला का? बाप कसा हाये?"

"उतरला ताप."

"मंग बस. जेवून घे."

मी आत गेलो. आढं मोकळं होतं. चुलीपुढे ती बसली होती, तोंड धुरानं लाल, आणि आतल्या चुलीवर कढई होती. तिनं मला वाढलं, दौलतभाऊला वाढलं, कितीतरी महिन्यांनी स्वतःच्या ताटातही एक तुकडा घेतला. आम्ही खाली मान घालून खाऊ लागलो. तिनं पहिला घास तोंडात घातला, चावला, आणि चुलीकडे बघत म्हणाली,

"खालून जराशी करपली. या चुलीले मासळीची सवय नाई."